दुनळीचा फोरएंड हलतोय: लॅच, लूप की लाकूड?

शिरीष_दादर
बारा बोअरची दुनळी, साइड बाय साइड, बॉक्सलॉक (घोडे आत दडलेले), इजेक्टर (रिकामं काडतूस बाहेर फेकणारा) नाही, साधा एक्स्ट्रॅक्टर (नुसतं वर उचलणारा). फोरएंडच्या (नळ्यांखालच्या सुट्या लाकडी पकडीच्या) टोकाला बटण आहे, ते आत दाबलं की फोरएंड सुटतो. तक्रार अशी:
बसवताना येणारा 'टक' आवाज आता येत नाही. बटण आतच राहतं, तळव्याने थोपटल्यावर बाहेर येतं. बसल्यावर वर-खाली साधारण अर्धा मिलिमीटर खेळ आहे, पुढे-मागे त्याहून कमी. बंदूक उघडताना फोरएंड आणि अ‍ॅक्शनच्या (मधल्या लोखंडी भागाच्या) सांध्यात कट्कन आवाज येतो.
लॅच (फोरएंड नळ्यांना अडकवणारी कडी) बदलावा लागेल का? मधे पत्र्याची पट्टी घालून भागेल का? आणि असा खेळ ठेवून दोन-चार काडतुसं उडवली तर काय बिघडेल? जाणकारांनी सांगा.

ठाण्याचा_ठोका
अंगारा लावून बघितलात का? नाहीतर एम-सील आहेच, राष्ट्रीय उपाय.

कानसवाला
ठोकाराव, एम-सीलचं नावही काढू नका, कोणीतरी खरंच लावेल.
शिरीष, लॅचला हात लावायच्या आधी खेळ कुठे आहे ते शोधा. "फोरएंड हलतो" या एका तक्रारीमागे पाच वेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. क्रमाने करा.
आधी बंदूक उघडून दोन्ही चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. काडतुसं त्या खोलीतच नकोत.
मग फोरएंड काढा, बंदूक बंद ठेवा, दस्ता मांडीवर घट्ट धरा आणि नळ्यांचं टोक डावीकडे-उजवीकडे हलवा. ब्रीचपाशी (नळ्यांचं मागचं टोक अ‍ॅक्शनला भिडतं तिथे) अंगठा ठेवा. तिथे हालचाल जाणवली तर तुमचा आजार फोरएंडचा नाही, बिजागरीचा आहे. लॅच कितीही घट्ट केला तरी तो झाकला जाईल, बरा होणार नाही. फोरएंड नसताना बंदूक उघडायची वेळ आली तर नळ्यांखाली हात ठेवूनच उघडा, नळ्यांचा हूक बिजागरीच्या पिनवरून सुटून नळ्या सरळ फरशीवर येतात.
ब्रीच घट्ट असेल तर फोरएंड लावा आणि एकदा फक्त लाकूड, एकदा आतला लोखंडी भाग असं वेगवेगळं हलवून बघा. लाकूड हलतं आणि लोखंड स्थिर आहे, तर स्क्रू किंवा लाकडाचं काम. दोन्ही एकत्र हलतात, तर लॅच किंवा लूप (नळ्यांच्या पोटाचा आकडा, ज्यात लॅच अडकतो).
हे सांगा, मग पुढचं.

बाराबोअर
वरच्यात एक भर. ब्रीच तपासताना नुसत्या हाताच्या अंदाजावर जाऊ नका. साध्या छपाईच्या कागदाची पट्टी साधारण ०.१ मिमी असते. ती ब्रीचच्या तोंडावर ठेवून बंदूक बंद करा आणि ओढा. कागद अडकला तर ठीक. फोरएंड काढलेल्या स्थितीत पट्टी सहज निघाली तर नळ्या तोंडापासून सुटलेल्या आहेत. फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) असेल तर उत्तम, ०.०५ चं पान आत जायला नको.
फोरएंड लावून पट्टी अडकते आणि काढून सुटते, असं झालं तर समजा की फोरएंड पाचरीसारखा नळ्यांना मागे रेटून बिजागरीची झीज लपवतोय. जुनी बंदूक विकताना ही चलाखी चालते.

मीनल_पार्ले
फोरएंड म्हणजे नुसता हात ठेवायचा लाकडी तुकडा ना? त्यावर इतका ऊहापोह कशासाठी?

कानसवाला
मीनलताई, तसं दिसतं खरं. पण फोरएंडच्या आत एक लोखंडी भाग असतो. त्याचं मागचं टोक खोलगट, ते अ‍ॅक्शनच्या पुढच्या गोलाईवर टेकतं. हूक पिनला लागून राहतो तो त्याच्यामुळे. शिवाय १८७५ च्या अ‍ॅन्सन-डीली पद्धतीच्या बॉक्सलॉकमध्ये अ‍ॅक्शनच्या गोलाईतून दोन कॉकिंग लिव्हर पुढे डोकावतात आणि फोरएंडच्या लोखंडात अडकतात. नळ्या खाली पडल्या की फोरएंड ते लिव्हर दाबतो आणि आतले घोडे चढतात. म्हणजे दर वेळी बंदूक उघडताना मेनस्प्रिंगचा (घोड्यांच्या स्प्रिंगचा) सगळा जोर फोरएंडवर येतो. तो सैल असेल तर लिव्हरचा प्रवास तेवढा कमी होतो. उघडताना येणारा शिरीष यांचा 'कट्' बहुधा तोच: आधी सैलपणा संपतो, मग लिव्हर हलतो.
इजेक्टर असेल तर त्याची यंत्रणाही बहुतेकदा फोरएंडातच असते. त्यांची नाही, ते एक बरं.

वरळीरेंज
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सुरक्षेचं आहे. उडवू नका.
गोळी सुटली की बंदूक मागे येते, फोरएंड जडत्वाने जागेवर राहू पाहतो, म्हणजे नळ्यांच्या हिशेबाने पुढे सरकतो. लॅच अर्धवट बसलेला असेल तर निसटून हातात येतो. बंदूक त्या क्षणी अ‍ॅक्शनच्या बोल्टने बंद असल्याने लगेच स्फोट वगैरे होत नाही, पण पुढच्या क्षणी तुम्ही सवयीने बंदूक उघडायचा वरचा लिव्हर दाबता आणि नळ्या खाली. पोटावर किंवा पायावर. रेंजवर दुसरी भानगड म्हणजे हातातला तुकडा बघण्याच्या नादात दुसऱ्या नळीतलं काडतूस विसरलं जातं.
आणि प्रत्येक बारामागे खेळ वाढतच जातो. अर्ध्या मिलिमीटरवर थांबत नाही.

सुतारपक्षी
लाकडाची बाजू मी मांडतो, कारण तिकडे कोणी बघत नाही.
मुंबईत हा दोष ऋतूप्रमाणे बदलतो. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड फुगतं, फोरएंड घट्ट, काढताना जोर लागतो. थंडी-उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि तोच फोरएंड हलायला लागतो. लाकूड लांबीत फारसं बदलत नाही, आडव्या अंगाने बदलतं, म्हणून फरक जास्त करून वर-खाली खेळात दिसतो. पावसाळ्यात घट्ट होतो म्हणून कोणी आतून लाकूड तासलं की डिसेंबरात बोंब. आता हलतोय म्हणून लगेच भर घालू नका. काय महिना आहे ते बघा.
दुसरा शत्रू तेल. बंदूक नळ्या वर करून कपाटात ठेवली की नळ्यांवरचं तेल ओघळून लाकडात मुरतं. अक्रोडाचं लाकूड तेल पिऊन काळं आणि मऊ पडतं. मऊ लाकडात स्क्रू कितीही आवळा, लोखंड रुतत जातं. स्क्रू घट्ट लागतो, फोरएंड तरी हलतो.
तेल बाहेर काढायला खडूची पूड आणि अ‍ॅसिटोनचा पातळ लेप आतल्या बाजूला लावा. वाळला की पूड पिवळट-तपकिरी होते. ब्रशने झाडा, पुन्हा लावा. पाच-सहा वेळा. बाहेरच्या पॉलिशला अ‍ॅसिटोन लागू देऊ नका, खिडकी उघडी, गॅस बंद.

ठाण्याचा_ठोका
म्हणजे बंदुकीला मुलतानी माती. पुढच्या वेळी हळद आणि दुधाची साय पण सांगा.

सुतारपक्षी
हसा. पण खडू-अ‍ॅसिटोनला पर्याय सांगा बघू.

डागडुजी
आता लॅच. प्रकार ओळखल्याशिवाय सल्ला देणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. तीन प्रकार सर्रास दिसतात.
टोकाला बटण, आतून दांडी, दांडीच्या मागे बोल्ट: हा अ‍ॅन्सनचा, पेटंट १८७२ चं. शिरीष यांचं वर्णन याच्याशी जुळतं. स्प्रिंग बोल्टला पुढे ढकलते, बोल्टचं टोक लूपच्या खाचेत शिरतं. बटण दाबलं की बोल्ट मागे.
फोरएंडच्या पोटाला छोटी खिट्टी, ती खाली ओढली की सुटतो: डीली आणि एज यांचा, पेटंट १८७३ चं.
काहीच दिसत नाही, नुसता झटक्याने खाली ओढायचा: स्नॅप. यात कडक स्प्रिंग लूपला घर्षणाने धरून ठेवते. झटक्यात निसटायची तक्रार यात जास्त.
लूप म्हणजे नळ्यांच्या पोटाला डाग देऊन (सोल्डरने) जोडलेला तो छोटा आकडा. त्याच्या मागच्या अंगाला खाच आणि खाचेचा खालचा ओठ. बोल्टची खालची बाजू तिरकी घासलेली असते. बोल्ट पुढे सरकतो तशी ती ओठावर चढते आणि सगळा फोरएंड वर ओढला जातो. झीज होते ती याच दोन जागी: बोल्टची खालची तिरकी बाजू आणि ओठाची वरची बाजू. बाकी कुठे डोकं लावू नका.

शिरीष_दादर
सगळ्यांचे आभार, विशेषतः ज्यांनी उत्तर दिलं त्यांचे (ठोकाराव, तुमचे नाही).
वरच्या चाचण्या केल्या. फोरएंड काढून ब्रीच ठणठणीत, कागद फाटतो पण निघत नाही. फोरएंड लावून हलवलं तर लाकूड आणि लोखंड एकत्र हलतात. लॅच अ‍ॅन्सनचाच. बटणाच्या नळीत तपकिरी, चिकट, लाखेसारखं काहीतरी दिसतंय. स्क्रूंच्या खाचा कोणीतरी आधी पिचवलेल्या आहेत.

कानसवाला
"लाखेसारखं" हा शब्द वाचून अर्धं निदान झालं. जवसाचं तेल. दस्ता चमकवायला लोक फोरएंड न सोडवता जवसाचं तेल चोळतात, ते बटणाच्या नळीत आणि लॅचच्या खोबणीत उतरतं आणि वाळून वार्निश होतं. स्प्रिंग धडधाकट असते, पण त्या चिकटात बोल्टला पूर्ण पुढे नेऊ शकत नाही. बोल्ट ओठावर अर्धाच चढतो, म्हणून 'टक' नाही, म्हणून अर्धा मिलिमीटर. बोल्ट खरोखर झिजला आहे की नाही हे साफसफाईनंतरच कळेल.
फोरएंड सुटा असताना बटणाच्या नळीत मिनरल टर्पेंटाइनचे चार-पाच थेंब, टोक वर करून. दहा मिनिटं थांबा, बटण वीस-तीस वेळा दाबा-सोडा, टोक खाली करून निथळू द्या, फडक्याने टिपा. निघणारा द्राव चहासारखा येईल. स्वच्छ येईपर्यंत पुन्हा. शेवटी सुईच्या टोकावर मावेल एवढं पातळ तेल. ग्रीस नको. ग्रीस फक्त अ‍ॅक्शनच्या गोलाईवर आणि बिजागरीच्या पिनवर, तेही नखाएवढं.
कपाटात नळ्या खाली करून ठेवा, किंवा आडवी.

बाराबोअर
रॉकेलही चालतं, पण मुंबईत रॉकेल शोधण्यापेक्षा नवीन फोरएंड करून घेणं सोपं.

कोपरखैरणे_लेथ
एवढं सगळं कशाला? बोल्ट काढा, कुठल्याही गाळ्यातल्या टिगवाल्याकडून (टिग वेल्डिंगवाला) दोन ठिपके भरून घ्या, कानस मारा, संपलं. अर्ध्या तासाचं काम. लूपचा ओठ सैल असेल तर पितळी पंच आणि हातोडीने दोन ठोके, ओठ वर येतो.

डागडुजी
लेथभाऊ, पहिल्या भागातली युक्ती बरोबर आहे (जागा चुकली, त्यावर कायदेवाले बोलतीलच). दुसऱ्या भागाला सक्त विरोध.
लूप नळ्यांवर ठोकायचा नसतो. ब्रीचपाशी जाड असलेली नळी लूपच्या जागेपर्यंत बरीच पातळ झालेली असते. ओठावर ठोका दिला की धक्का लूपच्या बुडाशी आणि नळीच्या भिंतीला. नळीत आतून पोचा येतो किंवा लूपचा डाग तडकतो. शिवाय ठोकून सरकवलेला ओठ दोन हंगामात परत बसतो.
उष्णतेचंही तेच. बऱ्याच दुनळ्यांत नळ्यांमधल्या पट्ट्या कथील-शिशाच्या डागाने बसवलेल्या असतात. ६३-३७ चा कथील-शिशाचा डाग १८३ अंशांना वितळतो. लूपवर टॉर्च किंवा टिग लावलं की पट्टी सुटते, आत पाणी शिरतं आणि दोन नळ्यांच्या मधे आतून गंज चढतो, जो दिसत नाही. पट्ट्या पुन्हा बसवणं, नळ्या सरळ जुळवणं, पुन्हा ब्लूइंग (नळ्यांचा निळा-काळा मुलामा): लॅचच्या कामाच्या कितीतरी पट.
म्हणून भर घालायची ती बोल्टवर. तो सुटा निघतो, नळ्यांपासून लांब तापवता येतो आणि बिघडला तर नवा घडवता येतो.

कलमबहाद्दर
आलोच. शस्त्र अधिनियम, १९५९, कलम ५: परवान्याशिवाय अग्निशस्त्र तयार करणं, विकणं, रूपांतर करणं, दुरुस्त करणं, चाचणी घेणं, काहीही नाही. 'दुरुस्ती' हा शब्द कलमात स्पष्ट आहे. तुमचा बंदूक बाळगण्याचा परवाना कलम ३ खालचा, तो दुरुस्तीचा परवाना नव्हे.
"फक्त बोल्ट दिला, बंदूक घरीच आहे" ही पळवाट चालत नाही. कलम २ मधल्या व्याख्येत शस्त्रांचे सुटे भागही येतात. गाळ्यातल्या वेल्डरने त्या दोन ठिपक्यांपायी स्वतःला का अडकवून घ्यायचं? दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानात बंदूक परवान्यासकट न्या, पावती घ्या, पावतीवर बंदुकीचा नंबर तपासा.

कोपरखैरणे_लेथ
मान्य. म्हणजे मालकाने स्क्रूही फिरवायचा नाही? मग ही चर्चा कशाला, सगळे दुकानात जा आणि झोपा.

कलमबहाद्दर
साफसफाई आणि तेलपाणी हे परवानाधारकाचं काम आहेच, बंदूक सुस्थितीत ठेवायला नको का? भर घालणं, वेल्डिंग, नवा भाग बसवणं म्हणजे दुरुस्ती. सैल स्क्रू आवळणं यावर वकील लोक तासभर भांडतील, मी भांडणार नाही. रेघ कुठे आहे हे कळल्यावर उरलेली चर्चा उपयोगाचीच आहे. दुकानात काय सांगायचं आणि काय करू द्यायचं नाही, हे माहीत असलेलं गिऱ्हाईक फसत नाही.

वरळीरेंज
हे पटलं. दुकानात "फोरएंड हलतो, टाइट करून द्या" एवढंच सांगितलं तर जे सोपं तेच केलं जातं: लूपवर ठोका नाहीतर खोबणीत पत्रा. तुम्ही सांगा, "बोल्टची खालची बाजू भरा, लूपला आणि नळ्यांना आच लावायची नाही."

मीनल_पार्ले
पत्र्याच्या पट्टीचा प्रश्न राहिलाच की. ती का नको?

बाराबोअर
कुठे घालता त्यावर आहे.
नळ्या आणि लाकडाच्या खोबणीत घातली तर वर-खाली खेळ जातो, पण भार लोखंडाऐवजी लाकडावर येतो. लाकूड कडेने चिरतं, तेही बहुधा सगळ्यात पातळ ठिकाणी, लूपच्या चौकटीच्या दोन्ही अंगांना. पट्टीखाली घाम आणि ओल साचते, आपल्या हवेत महिन्याभरात नळीवर गंजाचा नकाशा.
गोलाईच्या सांध्यात घातली तर ती फिरता सांधा आहे, पट्टी चुरगळून कॉकिंग लिव्हरच्या खाचेत जाते. बंदूक अर्धवट उघडून अडकते.
पट्टीचा एकच उपयोग, मोजमापाला. ०.१, ०.२, ०.३ च्या पट्ट्या बोल्ट आणि ओठाच्या मधे एकेक ठेवून बघायच्या. ज्या जाडीला खेळ जातो आणि लॅच बसतो, साधारण तेवढी भर बोल्टला लागणार. मापाचं काम झालं की पट्टी बाहेर. नागदेवी स्ट्रीटला शिम स्टॉकच्या (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्याच्या) पट्ट्या आणि फीलर गेज दोन्ही मिळतात.

डागडुजी
आता दुकानात हे काम नीट होतं तेव्हा ते कसं असतं ते लिहितो, म्हणजे काय बघायचं ते कळेल.
आधी निशाण्या. लूपच्या ओठावर काजळ, फोरएंड लावा, काढा. बोल्टवर काजळ कुठे उमटलं ते बघायचं. चांगल्या बोल्टवर तिरक्या बाजूच्या पूर्ण रुंदीवर डाग येतो. नुसत्या एका कडेला आला तर बोल्ट वाकडा बसतोय किंवा खोबणीत कचरा आहे. सगळ्यात पुढच्या टोकालाच आला तर बोल्ट पूर्ण आत जात नाही.
मग भर. दोन मार्ग. टिगने तिरक्या बाजूवर पातळ थर, किंवा स्टीलची पातळ पट्टी चांदीच्या डागाने. चांदीच्या डागाला सहाशे अंशांच्या वर जावं लागतं, म्हणजे बोल्टचं मूळ पाणी (कठीणपणा) उतरतं. टिगनेही डागाजवळ तेच. नंतर पुन्हा पाणी दिलं नाही तर मऊ बोल्ट वर्षभरात झिजतो आणि गिऱ्हाईक म्हणतं कामच वाईट होतं. हे विचारून घ्या: "पाणी देणार ना?"
मग घासणं. इथे घाई नडते. कोन मूळचाच ठेवायचा. उतार जास्त उभा केला तर बोल्ट छान आवळल्यासारखा वाटतो, पण रिकॉइलच्या (बार उडाल्यावर मागे बसणाऱ्या) धक्क्याने ओठावरून मागे घसरतो. फार सपाट केला तर इतका घट्ट चावतो की बटण दाबायला दोन अंगठे लागतात. बारीक कानशीचे दोन हात, काजळ, लावून बघा, काढा, पुन्हा दोन हात. वीस-पंचवीस फेऱ्या होतात. शेवटचे हात तेलदगडाने.
सगळ्यात महत्त्वाचं: बोल्ट बसल्यावर त्याचा पुढचा प्रवास संपलेला नको. साधारण एक मिलिमीटर शिल्लक हवा. बटण टोकाशी पूर्ण बाहेर आलेलं नसतं, किंचित आत असतं, ते यासाठीच. पुढे झीज झाली की स्प्रिंग बोल्टला तेवढा पुढे सरकवते आणि फोरएंड आपोआप घट्ट राहतो. ही शिल्लक संपली की खेळ सुरू होतो.

सुतारपक्षी
यात माझा अर्धा मुद्दा घाला. लॅच काढून बसवताना लाकडाची खोबण ओली किंवा चुरलेली दिसली तर तिथे अ‍ॅराल्डाइट, पाच मिनिटांवालं नाही, चोवीस तासांचं. पाच मिनिटांवालं उन्हात तापलेल्या गाडीत मऊ पडतं. दोन ट्यूबमधलं पाकिटावरच्या प्रमाणात, एका फोरएंडला पाच-सहा ग्रॅम पुष्कळ. लोखंडावर आणि स्क्रूंवर मेणाचं बूट पॉलिश दोन हात, म्हणजे ते चिकटत नाही. बोल्टच्या आणि स्प्रिंगच्या पोकळ्यांत मुलांची खेळायची क्ले ठासून भरा. हे विसरलात तर फोरएंड जन्मभरासाठी एक झाला समजा. स्क्रू आवळताना जोर नको, लोखंड आपल्या वजनाने बसू द्या, नाहीतर ताण आतच राहतो.

ठाण्याचा_ठोका
मी एम-सील म्हटलं तर शिव्या, पक्षीराज अ‍ॅराल्डाइट म्हणाले तर टाळ्या. वा रे न्याय.

कानसवाला
ठोकाराव, ते लाकडात, तुम्ही लॅचमध्ये. जागा चुकली की औषध विष. :)
स्क्रूंचं सांगायचं राहिलं. शिरीष म्हणाले खाचा पिचलेल्या आहेत. बंदुकीच्या स्क्रूची खाच अरुंद आणि सरळ भिंतींची असते. बाजारातल्या साध्या पेचकसाचं टोक पाचरीसारखं, ते खाचेच्या वरच्या कडेवरच टेकतं आणि निसटतं. टोक दगडावर घासून दोन्ही बाजू समांतर करून घ्यायचं, रुंदी स्क्रूच्या डोक्याएवढी, खाचेत बुडापर्यंत जायला हवं. आधी खाचेतली घाण शिवणाच्या सुईने काढा.
जिरलेला स्क्रू निघत नसेल तर मुरणारं तेल एक थेंब, रात्रभर. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर ठेवलं तर वाळलेलं तेल सैल पडतं. फोरएंड नळ्यांपासून वेगळा असतानाच. तरी निघाला नाही तर थांबा. तो दुकानाचा स्क्रू.

बाराबोअर
दुकानात जायच्या आधी तीन ठिकाणचे नंबर बघून ठेवा: नळ्यांवर, अ‍ॅक्शनवर, फोरएंडच्या लोखंडावर. हाताने बसवलेल्या बंदुकांत ते जुळायला हवेत. न जुळले तर फोरएंड दुसऱ्याच बंदुकीचा आहे, मग बोल्ट भरून उपयोग मर्यादित, सबंध लोखंड गोलाईला बसवावं लागेल. दुसऱ्या बंदुकीचा लॅच काढून याला लावू, असं कोणी म्हटलं तर नमस्कार करून बाहेर पडा. एकाच कारखान्याच्या दोन बंदुकांचे लॅचही अनेकदा हाताने घासल्याशिवाय बसत नाहीत.
आणि लूपचा डाग तपासायची सोपी रीत: नळ्या अ‍ॅक्शनपासून वेगळ्या करा, हुकाला जाड दोरी बांधून लोंबकळत धरा, बोटाच्या पेराने टिचकी मारा. देवळातल्या घंटेसारखा लांब नाद आला तर सगळं जुळलेलं. 'भद्' किंवा झिणझिणता आवाज आला तर पट्टी किंवा लूप कुठेतरी सुटलाय.

नवखा_मुलुंड
निवडणुकीच्या आधी बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती, परत आल्यावर लॅच जाम झाला असं ऐकलंय. ते याच्याशी संबंधित?

वरळीरेंज
थेट. आचारसंहितेत जमा करायला सांगितलं की बंदूक महिना-दोन महिने बंद खोलीत. कापडी किंवा चामडी पिशवीत दिली तर ती ओल धरून ठेवते. जमा करण्याआधी बोल्ट आणि बटणाच्या नळीतलं जास्तीचं तेल टिपून काढा, नळ्यांवर पातळ थर, फोरएंड लावूनच द्या म्हणजे सुटा भाग हरवत नाही. सिलिका जेलच्या पुड्या घाला. पावतीवर नंबर आणि "फोरएंडसह" लिहून घ्या.

शिरीष_दादर
अपडेट. टर्पेंटाइनचे चार हात झाले. पहिल्या दोन हातांना खरंच चहा निघाला, तोही कडक. आता 'टक' परत आला, बटण आपोआप बाहेर येतं. वर-खाली खेळ अर्ध्यावरून खूपच कमी झाला, ०.१ ची पट्टी जेमतेम जाते. पुढे-मागे थोडा आहेच. काजळ लावलं तर बोल्टवर डाग पूर्ण रुंदीवर येतो. बटण मात्र पूर्ण बाहेर येतं, टोकाशी सपाट. नंबर तिन्ही जुळतात. घंटा वाजते.

डागडुजी
छान निदान झालं. वाचा: स्प्रिंग ठीक, लूप ठीक, लाकूड ठीक, बोल्ट झिजलेला आणि शिल्लक प्रवास शून्य. म्हणजे आज चालेल, पण पुढच्या झिजेला जागा नाही. परवाना असलेल्या दुकानात बोल्ट भरून घ्या, ०.३ मिमीच्या आसपास (उरलेल्या खेळापेक्षा थोडी जास्त, म्हणजे प्रवास शिल्लक राहतो), पाणी द्यायला सांगा.
पुढे-मागे उरलेला खेळ गोलाईवर काजळ लावून बघा. फोरएंडच्या लोखंडाच्या खोलगट बाजूवर डाग मधोमध आणि दोन्ही कडांना आला तर बोल्ट भरल्यावर तो खेळही बराच जाईल. नुसत्या वरच्या कडेला आला तर लोखंडाच्या गोलाईवरही पातळ थर भरावा लागेल, लाकडातून काढून.

वरळीरेंज
परत आल्यावर आधी रिकाम्या बंदुकीत स्नॅप कॅप (खोटी काडतुसं) घालून पन्नास वेळा उघड-बंद. मग दस्ता धरून नळ्या वर करा आणि तळव्याने फोरएंडला पुढच्या दिशेने चार थापा. हलायला नको. मग रेंजवर हलकी काडतुसं, एका वेळी एकच नळी भरून, प्रत्येक बार उडवल्यावर बटण बघायचं. बटण टोकाच्या बाहेर सरकलेलं दिसलं तर थांबायचं.
नळ्या काढलेल्या असताना ट्रिगर ओढू नका. घोडे पडले की लिव्हर वर येतात आणि बंदूक परत जोडणं अवघड होतं. मग लोक हातोडी शोधतात.

कोपरखैरणे_लेथ
हातोडीचं नाव मी आता काढणार नाही.

मीनल_पार्ले
काजळ कुठलं? डोळ्यांचं चालेल का?

कानसवाला
डोळ्यांचं तुपकट असतं, पसरतं, खोटा डाग देतं. मेणबत्तीच्या ज्योतीवर स्टीलचा चमचा धरा, जमलेली काजळी कापसाने ओठावर लावा. पातळ. जाड लावलीत तर सगळीकडेच डाग येईल आणि सगळंच झिजलेलं वाटेल.
शिरीष, बंदूक परत आली की फोरएंडचे स्क्रू बघा, खाचा नळ्यांना समांतर आहेत का. मूळ कारागिराने तशा बसवलेल्या असतील तर त्या तशाच आल्या पाहिजेत. तिरप्या दिसल्या तर एकतर स्क्रू बदललाय किंवा लोखंड पूर्ण बसलेलं नाही. पैसे द्यायच्या आधी बघा.